इंजिन गार झाल्यावर

आमच्या घरात गाडीचं बॉनेट उघडायचं काम बायकोचं होतं. गाडी चालवायचो मी, धुवायचो मी, पेट्रोल भरून आणायचो मी. पण इंजिन गार ठेवणारं कूलंट बघायचं म्हटलं की ती मला बाजूला करायची. गल्लीतल्या लोकांना सुरुवातीला याचं हसू यायचं. साडीचा पदर कमरेला खोचून, एका हातात मोबाइलची बॅटरी धरून बाई इंजिनात वाकली आहे आणि नवरा शेजारी बॉनेट धरून उभा आहे, हे मुरगूडसारख्या गावात रोज दिसणारं दृश्य नव्हे. नंतर नंतर कुणी हसेनासं झालं. ती असं का करते ते सगळ्यांना कळलं होतं.

ती मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला आणि घर मागांच्या शेडला लागूनच. त्या खडखडाटात ज्यांचं बालपण गेलं, त्यांचा आवाज आपोआपच वरच्या पट्टीत जातो. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा माझ्या आईला पहिले काही दिवस वाटायचं, की नवी सून आपल्याशी सारखी भांडतेय. मीठ मागायची तरी शेजारच्या घरात कळायचं. पुढं तिनं घरीच ब्लाउज शिवायला सुरुवात केली. शिलाई मशीनच्या आवाजात जरासा फरक पडला तरी ती थांबायची, कान देऊन ऐकायची आणि तेलाची बाटली हातात घ्यायची. मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात माल पाठवायच्या विभागात होतो, अजूनही आहे. दिवसभर मी यंत्रांच्या शेजारून फिरतो, पण मला त्यातलं तिच्याएवढंही कळत नाही.

तिचे पाय सुजायला लागले तेव्हा तिनं दोष दिला मशीनच्या पायट्याला. मग तोंडाची चव गेली, जिना चढताना धाप लागायला लागली. मुरगूडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी कोल्हापूरला जायला सांगितलं. तिथं कळलं, की दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. डॉक्टर हळू आवाजात समजावून सांगत होते आणि ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "म्हंजे हे आता कायमचंच की." बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांनी वळून बघितलं. डॉक्टर म्हणाले, किडनी मिळेपर्यंत डायलिसिस करावं लागेल, आठवड्यातून दोनदा.

किडनीचं आम्ही सगळं करून बघितलं. मला साखरेचा त्रास, त्यामुळं माझी चालणार नव्हती. तिची थोरली बहीण, आक्का, इचलकरंजीहून आली, तपासण्या करून घेतल्या, पण जुळलं नाही. आमची एकुलती एक लेक पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, माझी घ्या. त्यावर बायकोनं तिला फोनवर इतकं फैलावर घेतलं, की लेकीनं पुन्हा तो विषय काढला नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या यादीत नाव घातलं आणि आम्ही वाट बघत राहिलो.

सुरुवातीला एसटीनं जायचो. जाताना काही वाटायचं नाही, येताना हाल व्हायचे. डायलिसिस झालं, की माणूस पिळून काढल्यासारखा होतो. पायात गोळे येतात, डोकं उचलवत नाही. एकदा गाडी इतकी भरलेली होती, की ती सीटांच्या मधल्या जागेत खालीच बसली आणि माझ्या गुडघ्याला डोकं टेकून कागलपर्यंत आली. उठून जागा देणारे नव्हते असं नाही, पण त्यांना ती दिसलीच नाही. त्या आठवड्यात मी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची जुनी गाडी विकत घेतली. पांढरी, चार दारांची, एका बाजूला चेपलेली. तिला मागच्या सीटवर झोपता येईल म्हणून घेतली, पण ती एकदाही मागं बसली नाही. पुढं माझ्या शेजारीच बसायची आणि सीट मागं पाडून घ्यायची.

गाडी पहिल्यांदा तापली ते ऊसतोडीच्या दिवसांत. दुपारी आम्ही कोल्हापूरहून परत येत होतो. कागल सोडून सिद्धनेर्लीच्या पुढं आलो आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. पुढं जायला वाव नाही, मागं वळायला जागा नाही. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत होतो. बायको डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. ती डोळे न उघडताच म्हणाली, "गाडीचा आवाज बदललाय. पंखा थांबंना झालाय बघा."

मी तापमानाच्या सुईकडं बघितलं तर ती वरच्या लाल रेघेला टेकलेली. कशीबशी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच पाठीमागून ट्रॅक्टरवाला ओरडला, की हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येईल. गार होऊ दे, मग बघा, असं सांगून तो पुढं सरकला. मी तसाच हात मागं घेऊन उभा राहिलो.

रस्त्याकडेला एक घर होतं. तिथली बाई बाहेर आली. आमची अवस्था बघून तिनं आधी बायकोला ओसरीवर घेतलं आणि गोधडी अंथरून दिली. मग कळशीभर पाणी गाडीसाठी आणलं आणि तांब्याभर पाणी बायकोसमोर ठेवलं. उन्हाचे दिवस नव्हते तरी दुपार तापली होती. "पाणी घ्या की पावणं," ती म्हणाली.

बायकोला दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी बांधून दिलं होतं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, ते अंगात साठतं, फुप्फुसात जातं. त्या दिवसाचा तिचा वाटा सकाळीच संपला होता. मी त्या बाईला समजावून सांगायला लागलो, पण तिला ते पटेना. आजारी माणसाला पाणी द्यायचं नाही ही कुठली रीत, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्या घरचं पाणी चालत नाही म्हणून नको म्हणतायत, असंही तिला वाटलं असावं. तेवढ्यात बायकोनं तांब्या उचलला, तोंडाला लावला, नुसते ओठ ओले केले आणि खाली ठेवला. "लई गोड पाणी हाय," ती म्हणाली. बाईचं समाधान झालं. बायको मग तांब्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसून राहिली, त्याच्या गार अंगाला तळवे लावून.

गाडी गार झाल्यावर मी कळशीतलं पाणी भरलं. सगळं गेलं. एवढं पाणी इंजिनाला लागतं हेच मला माहीत नव्हतं. हळूहळू चालवत आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन गाडी कागलला एका मिस्त्रीकडं नेली. तीन पिढ्या कागलात राहणारं मुसलमान कुटुंब, वडील पूर्वी ट्रकच्या गळक्या रेडिएटरला झाळ द्यायचे, आता मुलगा सगळ्याच गाड्यांचं काम करतो. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. बायको म्हणाली मीपण येतो. मी नको म्हटलं, तर म्हणाली, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

मिस्त्रीनं खालचा रबरी पाइप दाखवला. त्याला चीर गेली होती आणि कूलंट थेंब थेंब गळत होतं. नवीन पाइप टाकून झाल्यावर तो मला समजावून सांगायला लागला. ही पांढरी प्लॅस्टिकची बाटली, तिच्यावर या दोन रेघा. इंजिन गार असताना कूलंट या दोन रेघांच्या मधे पाहिजे. गरम असताना झाकण उघडायचं नाही. कमी झालं तर त्याच रंगाचं, त्याच जातीचं कूलंट टाकायचं, नळाचं पाणी नेहमी नेहमी टाकायचं नाही, आत गंज धरतो. मी हो-हो म्हणत होतो आणि मनात कारखान्यात अडकलेला मालाचा ट्रक भरत होतो. बायको स्टुलावर बसली होती, ती उठून जवळ आली आणि बाटलीकडं वाकून म्हणाली, की हिच्यावर इतके डाग पडलेत, आत किती आहे ते दिसतच नाही.

मिस्त्रीनं गाडीला खांद्यानं हलकासा धक्का दिला. गाडी हलली तसं बाटलीत लालसर कूलंट डुचमळलं आणि त्याची कड स्पष्ट दिसली. "अशी हलवायची वैनी," तो म्हणाला. "न्हायतर मागनं बॅटरी लावायची."

ती हसली. आजार कळल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. परत येताना तिनं मला बजावलं, "हे काम आता माझं. तुमचं ध्यान न्हवतं."

तेव्हापासून कोल्हापूरला जायच्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ती बाहेर यायची. तिच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर जोडून घेतली होती, त्या हातानं जड काही उचलायचं नव्हतं. म्हणून बॉनेट मी उचलायचो आणि ते धरून उभा राहायचो. आडवी दांडी लावली की बॉनेट आपलं आपण उभं राहतं, धरायची गरज नसते. पण तिला दांडीवर विश्वास नव्हता. ती आधी खाली वाकून जमिनीवर ओल आहे का बघायची. मग पाइपच्या जोडावरून बोट फिरवायची, बोट नाकाजवळ नेऊन वास घ्यायची. मग बाटली. मागून बॅटरी लावायची, गाडीला कमरेनं ढकलायची आणि रेघ बघायची. कमी असेल तर तेल ओतायच्या नरसाळ्यानं जरासं कूलंट टाकायची. ते नरसाळं स्वयंपाकघरातलंच, पण कूलंट विषारी असतं असं मिस्त्रीनं सांगितल्यावर तिनं त्याला लाल दोरा बांधून गाडीच्या डिकीत ठेवलं आणि घरासाठी दुसरं आणलं.

टाकताना एक थेंब सांडायची नाही. झाकण लावून झालं, की बाटलीवर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहायची. एकदा मी म्हटलं, झालं असेल तर बॉनेट सोडू का, हात दुखायला लागलेत. ती म्हणाली, "थांबा की. तिला पोटभर पाजल्यावर मला बरं वाटतंय."

मी बॉनेट तसंच धरून ठेवलं. तिची तहान मी रोज बघत होतो. सकाळी ती तिच्या वाट्याचं पाणी एका स्टीलच्या भांड्यात काढून ठेवायची आणि दिवसभर त्यातून चमच्यानं प्यायची. बर्फाचा खडा तोंडात धरायची. लिंबाची फोड हुंगायची. उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा टँकर आला आणि पाइपातून पाणी पडायला लागलं, की ती घरात जाऊन दार लावून घ्यायची. रागावून नव्हे. तो आवाज तिला सोसत नसे.

हॉस्पिटलमध्ये तिच्या शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजकडचे एक म्हातारे शेतकरी असायचे. त्यांना त्यांचा मुलगा गाडीनं आणायचा. पलीकडं कानडी मुलूख जवळ, त्यामुळं म्हातारे तिला 'आक्का' म्हणायचे, वयानं ती लेकीएवढी असली तरी. ती त्यांना दर वेळी विचारायची, "अण्णा, पोरानं कूलंट बघितलंय का?" म्हाताऱ्यांना कूलंट म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण ते मान हलवायचे. मग ती मुलाला बोलावून घ्यायची आणि बाटली, रेघा, गार इंजिन असं सगळं मिस्त्रीच्या शब्दांत सांगायची. मुलगा आधी लाजला. पुढं तोच येऊन सांगायला लागला, की काकी, आज बघून आलोय. मशीन घरघरत असायची, नळ्यांतून रक्त फिरत असायचं आणि या तिघांचं इंजिनाविषयी बोलणं चालायचं. नर्स म्हणायची, तुमच्यामुळं इथं गॅरेज झालंय.

एका फेरीला शेजारच्या खाटेवर दुसराच माणूस होता. तिनं नर्सला विचारलं. नर्सनं तिच्याकडं न बघता उशी सारखी केली. येताना उजळाईवाडीचा पूल ओलांडला. मग ती म्हणाली, त्यांच्या पोराला एकदा फोन करा. मी दुसऱ्या दिवशी केला. फोन त्याच्या बायकोनं घेतला आणि म्हातारे गेल्याचं सांगितलं.

त्यानंतर तिचा आवाज उतरत गेला. म्हणजे खरोखरच उतरला. जी बाई अंगणातून हाक मारून चार घरांपलीकडच्या बाईला बोलवायची, तिचं बोलणं ऐकायला मला जवळ जावं लागायला लागलं. मला पहिल्यांदा वाटलं, मन खचलंय. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आलाय, दम पुरत नाही. शिलाई मशीनवर चादर पडली. शिवायला आलेले कपडे तिनं ज्यांचे त्यांना परत पाठवले.

पण बॉनेटचं काम तिनं सोडलं नाही. वाकवेना झालं तेव्हा मी दारात खुर्ची टाकून द्यायचो. ती खुर्चीत बसून सांगायची आणि मी करायचो. खाली बघा. पाइपला बोट लावा. आता हलवा. मी गाडी हलवायचो. "कुठं आलंय?" ती विचारायची. मी म्हणायचो, दोन रेघांच्या मधे. ती म्हणायची, मधे म्हणजे कुठं, वरच्या अंगाला का खालच्या? मग मी पुन्हा वाकून बघायचो आणि नीट सांगायचो. कधी कधी तिचा विश्वास बसायचा नाही. मग मी मोबाइलवर फोटो काढून तिला दाखवायचो. ती फोटो मोठा करून बघायची. माझ्या मोबाइलमध्ये कुठल्याही बाईच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये नसतील इतके कूलंटच्या बाटलीचे फोटो आहेत. तिचे स्वतःचे मात्र त्या वर्षातले अगदी थोडे.

श्रावणात एक दिवस नेहमीसारखं सगळं बघून आम्ही निघालो. पाऊस उघडला होता, दोन्ही बाजूंना ऊस डोक्याएवढा वाढलेला. कागलच्या अलीकडं ती म्हणाली, की लेकीला या वेळी गौरीला बोलवून घ्या, सुट्टी नाही म्हणाली तरी. मी बरं म्हटलं. हॉस्पिटलमध्ये तिला मशीनवर घेतलं आणि थोड्या वेळानं तिला धाप लागली. त्यांनी लगेच थांबवलं, अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टरांनी धावपळ केली, जे करायचं ते सगळं केलं. मला एकदा आत सोडलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं हातानं खूण करून मला जवळ बोलावलं आणि मास्क जरासा बाजूला सरकवून म्हणाली, "घोटभर पाणी द्या की आता."

मी नर्सकडं बघितलं. नर्सनं कापसाचा बोळा ओला करून माझ्या हातात दिला. मी तो तिच्या ओठांवरून फिरवला. ती तो चोखायला लागली, लहान मूल चोखतं तसा. मी पुन्हा भिजवला. नर्सनं अडवलं नाही. त्यावरून मला कळायला पाहिजे होतं, पण तेव्हा कळलं नाही. मला उलट बरं वाटलं, की नियम जरा सैल केलाय म्हणजे प्रकृती सुधारतेय.

लेक रात्रीच पुण्याहून निघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेली.

हॉस्पिटलनं गाडी दिली. तिची थोरली बहीण आक्का आणि आक्काचा मुलगा तिच्याबरोबर त्या गाडीत बसले. माझी गाडी तिथंच लावलेली होती. त्या मुलानं बसायच्या आधी विचारलं होतं, काका, मी चालवू का. मी नको म्हटलं. लेक माझ्या शेजारी बसली. सीट अजून मागं पाडलेलीच होती, तिनं ती सरळ केली नाही, अंग चोरून पुढं वाकून बसली.

पुढं हॉस्पिटलची गाडी आणि मागं आम्ही. सायरन नव्हता. गोकुळ शिरगाव, कागल, सिद्धनेर्ली, सगळं नेहमीचंच. लेक रडत होती आणि माझी नजर सवयीनं सुईकडं जात होती. सुई मधे होती. रस्ताभर ती जागची हलली नाही. गाडी इतकी चांगली कधी चालली नव्हती. मला माझ्या गाडीचा राग आला. मनात आलं, आता तापली तरी चालेल, थांबली तरी चालेल, आता कुणाला घाई आहे. पण ती चालत राहिली आणि आम्ही घरी पोचलो. गल्लीत माणसं जमली होती.

त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. कामाला कारखान्याच्या बसनं जायचो. कुणीतरी गाडीवर ताडपत्री टाकली. लेक काही दिवस राहून पुण्याला गेली. रोज फोन करायची आणि जेवलात का विचारून झालं, की हळूच म्हणायची, बाबा, गाडी चालू करून तरी बघत जा. मी उद्या बघतो म्हणायचो. सकाळी जाग यायची, चहाच्या आधी मी दारात यायचो आणि ताडपत्रीकडं बघत उभा राहायचो. त्या वेळेला काय करायचं असतं ते मला सुचायचं नाही.

थंडी पडल्यावर एका रविवारी मिस्त्री आला. कागलहून, मोटारसायकलवर, मागं गाडीची बॅटरी बांधून. लेकीनं त्याला फोन केला होता. तो वैनींच्या मातीलाही आला होता असं मला नंतर कळलं, मला त्या दिवशी कोण आलं कोण नाही काही आठवत नाही. त्यानं ताडपत्री काढली, बॅटरी जोडली आणि गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडलं. बाटलीच्या मागं मोबाइलची बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाला, कूलंट खालच्या रेघेच्या खाली गेलंय. शिवाय जुनं झालंय. सगळं काढून नवीन भरूया.

मी म्हटलं, राहू दे.

त्यानं कारण विचारलं नाही. हात फडक्याला पुसले आणि पायरीवर बसला. मी चहा केला. चहा पिऊन झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "दादा, त्यांच्या हातचं हाय ते मलाबी ठावं हाय. पण ठेवून काय व्हणार? आतनं पाइप खाईल ते."

मी कपबश्या आत ठेवून बाहेर आलो. मग म्हटलं, काढ.

त्यानं गाडीखाली घमेलं सरकवलं आणि खालचा पाइप सोडला. मला वाटलं होतं, लाल रंगाचं काहीतरी येईल, ती ओतायची तसलं. आलं ते तपकिरी, गंजाच्या पाण्यासारखं. पहिल्यांदा तापली त्या दिवशी कळशीनं भरलेलं पाणीही त्यातच कुठंतरी असणार. धार पडत होती आणि मी बघत होतो. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. मिस्त्रीनं घमेल्यावर लगेच फळी टाकली. म्हणाला, चव गोड असते, कुत्री पितात आणि मरतात. जाताना ते सगळं त्यानं कॅनमध्ये भरून घेतलं.

नवीन कूलंट त्यानं भरलं. इंजिन चालू करून, गार होऊ देऊन, पुन्हा बघितलं. शेवटचं थोडं घालायचं राहिलं होतं ते त्यानं मला घालायला सांगितलं. नरसाळं मी तिरकं धरलं आणि बरंचसं बाटलीवरून खाली ओघळलं. तो म्हणाला, वैनी असत्या तर बोलल्या असत्या. मी हो म्हटलं. आम्ही दोघंही हसलो आणि मग मला रडू आलं. घरात इतकी माणसं येऊन गेली तेव्हा आलं नव्हतं ते तिथं, बॉनेटला धरून आलं. मिस्त्री शेजारी उभा राहिला. त्यानं पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. हत्यारं गोळा करायचंही त्यानं थांबवलं, एवढंच.

गावातल्या खालच्या आळीत एक जोडपं आहे. दोघंही पन्नाशीच्या पुढची, डेअरीला दूध घालून चालतं त्यांचं. त्या बाईचं डायलिसिस सुरू झाल्याचं मी ऐकून होतो. नवरा तिला एसटीनं नेतो हेही ऐकलं होतं. गाडी चालू झाल्यावर एक दिवस मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, माझी रात्रपाळी नसते, कामाच्या वेळा मागंपुढं करता येतात, गाडी दारात नुसती उभी आहे. नवरा अवघडला. बाई आतून म्हणाली, जायाचं की, त्यात काय.

पहिल्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडलं. आडवी दांडी लावली. खाली ओल नव्हती. गाडी हलवून बाटलीतली रेघ बघितली आणि सगळं ठीक आहे म्हणून झाकून टाकलं. त्याला फार वेळ लागला नाही. एका माणसाला कितीसा वेळ लागणार.

ती दोघं मागच्या सीटवर बसली. पुढं या म्हटलं तरी नवरा आला नाही. जाताना ती दोघं अवघडलेली होती, नव्या माणसाच्या गाडीत बसल्यावर असतात तशी. येताना मात्र बाई थकली होती आणि तिला पाणी पाहिजे होतं. पिशवीत लहान बाटली होती, ती नवऱ्याच्या मांडीवर. तो म्हणत होता, घरी गेल्यावर. ती म्हणत होती, आत्ताच, एक घोट. तो म्हणाला, मघाशीच एक घोट झालाय. ती म्हणाली, तो घोट न्हवता, नुसतं तोंड ओलं केलतं. तो म्हणाला, डॉक्टरांस्नी काय सांगू मग? ती म्हणाली, काय बी सांगा. कितीतरी अंतर त्यांचं हे चाललं होतं, दबक्या आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला सगळं ऐकू येत होतं. त्यांना मोकळं वाटावं म्हणून मी रेडिओ लावायला हात पुढं केला, आणि मग लावला नाही. सिद्धनेर्ली मागं पडली. मागं बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला आणि नवरा म्हणाला, "एकच हं." ती प्यायली असावी, कारण थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.